धुऱ्याची माती आणि मधुकरराव सर

मधुकररावच्या बायकोले, प्रमिलाबाईले, एक गोष्ट लग्नानंतर लवकरच उमगली होती. या माणसाले काम टाळायचं असलं का त्याले तत्त्वज्ञान आठवते.

सेलूकडच्या त्या गावातून कॉलेजचा प्राध्यापक झालेला हा एकच गडी. तीस वर्षं त्यानं पहिल्या वर्षाच्या पोरायले तेच ते शिकवलं. सॉक्रेटिस भर बाजारात लोकायले अडवून प्रश्न विचारे, अन् विषाचा पेला समोर आला तरी हटला नाई. कांट म्हणे, खोटं कोणासाठीच बोलू नये. चार्वाक म्हणत, डोळ्यानं दिसते तेच खरं. देकार्तनं तर डोळ्यांवरबी शंका घेतली. पोरं लिहून घेत, पास होत, विसरून जात. मधुकरराव मात्र रिटायर होताना देकार्तले घरी घेऊन आला. सगळा नाई, त्याची शंका तेवढी. देकार्त शंकेनं खणत गेला तो खाली काही पक्कं लागते का पाहायले. हा खणून खड्ड्यातच बसला.

नळ गळून राह्यला म्हटलं तर म्हणे, "गळतो असं तुले वाटते." भाजीत मीठ कमी पडलं का मात्र शंका नसे. ताट सरळ बाजूले.

यंदा पेरणीच्या तोंडावरची गोष्ट. सकाळचा फिरून आला अन् चहाचा कप हाती घेत म्हणाला, "गजेंद्र पाह्य कसा हरामखोर. लोखंडी सब्बलीनं धुरपताच्या धुऱ्याचा गोटा उपटून तिच्या वावरात सरकवून राह्यलता. मले पाहून हासला बी."

धुरपता म्हणजे पुनाजीची विधवा, गोंड मोहल्ल्यातली. तिच्या दीड एकराले लागून गजेंद्रचं वावर. धुऱ्यावरचा सीमेचा दगड सरकला तशी कपाशीच्या चार ओळींएवढी तिची जमीन त्याच्याकडे गेली. तिनं तंटामुक्ती समितीत तक्रार केली अन् साक्षीदार म्हणून सरचं नाव सांगितलं. सर रोज त्याच पांदणीनं, वावराजवळच्या वाटेनं, फिरते, हे अख्ख्या गावाले माहीत.

आता गजेंद्र कॉलेजच्या संचालक मंडळावर. अन् मधुकररावचा पोरगा योगेंद्र त्याच कॉलेजात तासिकेवर शिकवते, यंदा पक्का व्हायचा होता. एवढं सांगितलं का बाकीचं सांगायची गरज नाई.

बैठकीच्या दिवशी प्रमिलाबाईनं विचारलं, "काय सांगसान तिथं?"

"डोळे फसवतात, प्रमिला. उजेड कमी होता."

"चहा पेता पेता नाई फसवले वाटते."

ती त्याच्या मागंमागं गेली. म्हटलं, पाहू तर द्या, हा माणूस किती खाली जाते.

बैठक धुऱ्यावरच भरली. त्या गावची रीत हाय, सीमेचं भांडण असलं का धुऱ्याची माती मुठीत घेऊन सांगायचं. माती घेऊन खोटं बोलणाऱ्याचे डोळे जातात, असं म्हणतात. गजेंद्रनं हासत हासत मूठ भरली, "गोटा होता तिथंच हाय" म्हणाला, अन् हात पँटले पुसला. मग अध्यक्ष धर्मेंद्र सरकडे वळला. तो सरचाच जुना विद्यार्थी.

"सर, तुमी पाह्यलं का?"

"पाहिलं म्हणजे काय, हे आधी ठरवावं लागेल," मधुकरराव वर्गातल्या आवाजात बोलला. "पाण्यात काठी वाकडी दिसते. म्हणून ती वाकडी असते का?"

"बराबर हाय सरचं," गजेंद्र म्हणाला. "शिकेल माणूस हाय."

धुरपता पुढं आली. "सरजी, मी काठीचं नाई विचारून राह्यली. गोट्याचं विचारून राह्यली."

"खात्रीनं काहीच सांगता येत नाही, बाई."

"मंग नाई पाह्यलं म्हना अन् मोकळे व्हा," धर्मेंद्र म्हणाला.

"नाही पाहिलं."

धुरपतानं वाकून ढेकूळ उचललं अन् त्याच्यापुढं धरलं. "हे हातात घेऊन म्हना."

मधुकररावचा हात खिशातून निघेना. "ही अंधश्रद्धा आहे. माझा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्वाचा असन तं घ्या ना," मागून प्रमिलाबाई बोलली. "माती तं हाय."

त्यानं ढेकळाकडे पाह्यलं, लोकायकडे पाह्यलं, अन् हात खिशातच ठेवला. तीस वर्षं शाप नाई, परलोक नाई शिकवलेला माणूस बाईच्या हातातल्या ढेकळाले भेला. त्याच्यापरीस गजेंद्र बरा. चोर तर चोर, पण पुरा चोर.

धर्मेंद्र हासला. "सर, तुमीच शिकोलं होतं आमाले. डोंगरावर धूर दिसला का आग पाहाले वर चढा लागत नाई." मग पंचायकडे वळला. "पाह्यलं नसतं तं मूठ भरून मोकळे झाले असते. काय समजाचं ते समजा."

गजेंद्र "हे काय सबूत हाय का" म्हणत राह्यला. पण हासणाऱ्या गावापुढं त्याचं चाललं नाई. अंधार पडायच्या आत चार जणांनी सब्बल लावून गोटा जुन्या जागी रोवला. धुरपतानं पायानं माती दाबली अन् सरकडे न पाहता घरी गेली.

नवीन सत्रात योगेंद्रच्या तासिका दुसऱ्याले मिळाल्या. मधुकरराव ओसरीत बसून भेटेल त्याले सांगे, "मी तर काही बोललोच नव्हतो."

प्रमिलाबाई एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "बोलले असते तं खऱ्यापायी नोकरी गेली म्हनून सांगता आलं असतं. आता लोकायले काय सांगू? बाप गप होता म्हनून पोराची नोकरी गेली?"

"खरं म्हणजे काय, प्रमिला..."

"आयकाचं नाई मले," ती म्हणाली. "नळ गळून राह्यला. तो पाहा."