मायाप्पा जाबराची टोळी

आमच्या सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्याचा जाबर, म्हंजी मुकादम, मायाप्पा. वळसंगात मेंढरं राखत व्हता तवर बरा व्हता. गिरणीत आला, डोक्याला फेटा चढला आन मानूस बिगडला. तुटलेलं सूत सांदायची अक्कल न्हाय, पन ऐट बगा, जशी काय गिरणी ह्याच्याच बानं बांदली!

ह्याची सून राजाबाई आमच्याच खात्यात. तिचा नवरा बदलीवाला, रोज फाटकावर उबा ऱ्हाऊन माघारी जायाचा. मायाप्पाचा पगार शिंदीत जायाचा. घर चालायचं ते राजाबाईच्या कामावर.

तिचं लेकरू तान्हं. सासू त्येला घिऊन फाटकाभायेर लिंबाखाली बसायची. राजाबाई पाजायला पळाली की तिच्या सुताच्या फिरत्या चात्या मी बगायची, माज्या सिद्धम्मा, सिद्धम्माच्या अंबुबाई. कुनाची कंबर धरली तरी आमी असंच सरकून घ्यायचो. आमाला कुनी शिकवलं न्हवतं. मायाप्पानं पैल्यांदा बगितलं तवा वराडला, "ही काय जत्रा हाय व्हय?" काम कमी पडंना, मग मेला बगून न बगितल्यावानी करायला लागला.

एक दिस नवा सायेब खातं बगायला आला. म्हनला, ह्या चौघींच्या चात्या कदी थांबत कशा न्हाईत? झालं! मायाप्पानं छाती काडली.

"सायेब, मी टोळ्या बांदल्यात. कुनालाबी कुटंबी उबी करतो. चौघींचं काम तिघी वढत्यात!"

सिद्धम्मा खाकरली, मी डोळं वटारलं. पन त्या मुडद्याला शाबासकी पायजे व्हती की! सायबानं पाठ थोपटली, ह्यो फुगला.

दुसऱ्या दिशी सकाळी हुकूम आला. दर टोळीतली एक बाई कमी करायची, सगळ्यात मागनं कामाला लागलेली पयली. आमच्यात मागनं लागलेली राजाबाई.

तवा पळाला की सायबाकडं, फेटा हातात घिऊन. "सायेब, ती माजी सून हाय!" सायबानं मानबी वर केली न्हाय. कारकून म्हनला, "तूच सांगितलंस ना, तिघी ओढतात म्हणून?"

सुट्टी झाली तवा राजाबाई लेकरू मांडीवर घिऊन लिंबाखालीच बसली व्हती. सासरा म्होरं आला तरी उटली न्हाय, डोईवर पदरबी घेतला न्हाय.

"मामा," ती म्हनली, "आता पाजायला दिसभर सवड हाय. दूद यायला मी काय खाऊ, तेवडं सांगा."