बूट घातल्यावर विचारायचं

आमच्या कंपनीच्या बसमध्ये एक नियम होता. येळवंडेताईंनी पायातले बूट काढले की त्यांना कोणी काही विचारायचं नाही. बूट परत घातले, नाड्या बांधल्या, की मग काय ते विचारायचं. हा नियम कोणी केला, कधी केला, ते मला माहीत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा तो होता आणि लागल्या लागल्या मी तो मोडलाही होता.

सकाळची वेळ होती. बस चिखलीहून निघून मोशी ओलांडून चाकणच्या दिशेने चालली होती. मागे कुणाच्या तरी सोसायटीत पाण्याचा टँकर आला नाही यावर जोरदार चर्चा चालू होती. एवढ्यात पुढच्या सीटवरच्या, घट्ट अंबाडा घातलेल्या एक बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सुटलं गं बाई वासरू!" आणि खाली वाकून सेफ्टी शूजच्या नाड्या सोडायला लागल्या. ड्रायव्हर मानेकाकांनी गाण्याचा आवाज बारीक केला. शेजारच्या मुलीने खिडकी सरकवली. मागून एक पाण्याची बाटली हातोहात पुढे आली. आणि टँकरची चर्चा जिथे होती तिथून पुढे सुरू झाली. बाई मोजे घातलेले पाय पुढे करून, डोळे मिटून स्वस्थ बसल्या होत्या. चेहरा मात्र पांढरा पडला होता.

मी आपला माणुसकीच्या नात्याने उठलो. "काय झालं? बरं वाटतंय ना तुम्हाला? बस थांबवायची का?"

सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. बाईंनी डोळे न उघडताच विचारलं, "नवीन हाय का ह्यो?"

कंपनीचं गेट दिसायला लागलं तेव्हा त्यांनी बूट घातले, नाड्या ओढून गाठ मारली आणि मागे वळल्या. "हां, आता विचार. काय म्हणत हुतास?"

ही कुसुम येळवंडेंची आणि माझी पहिली भेट.

ताई डिस्पॅच सांभाळायच्या. कंपनीतून माल बाहेर पडायचा तो त्यांच्या सहीशिवाय पडायचा नाही. ट्रकवाल्यांशी त्या हिंदीत भांडायच्या, कस्टमरशी फोनवर इंग्रजीत गोड बोलायच्या आणि आमच्याशी चाकणच्या आपल्या माहेरच्या बोलीत बोलायच्या. तिन्ही भाषांत आवाज एकच, पत्र्याच्या शेडच्या या टोकाकडून त्या टोकाला सहज पोचणारा. बोलणं फटकळ. एकदा आमच्या प्लांट हेडने मीटिंगमध्ये अर्धा तास भाषण केलं, तेव्हा ताई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, खाली तीन गाड्या भरून उभ्या हायत. तुमचं झालं की सोडते." साहेबांचं लगेच झालं.

त्यांच्या माहेरची जमीन कधीच एमआयडीसीत गेली होती. बसच्या वाटेवरच ती लागायची. तिथे दुसऱ्या एका कंपनीचं पार्किंग झालं होतं. ताई कधीतरी बोट दाखवून सांगायच्या, "ती पांढरी गाडी उभी हाय ना, तिथं आमचा गोठा व्हता." सांगताना आवाजात खंत वगैरे काही नसायची. पलीकडच्या गल्लीत कोण राहतं हे सांगावं, तसं सांगायच्या.

आणि त्यांच्या छातीचं दुखणं जुनं होतं. हृदय मधूनच, काही कारण नसताना, धावत सुटायचं. धावायचं, दमायचं आणि आपणहून ताळ्यावर यायचं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. तपासण्या त्या वेळच्या वेळी करायच्या. पण गोळ्यांनी ते कमी झालं होतं, गेलं नव्हतं. ताईंनी त्याचं नाव वासरू ठेवलं होतं.

मला तेव्हा हे सगळं मजेशीर वाटायचं. दोन-एक वर्षांनी माझंच वासरू सुटलं, तेव्हा मजा संपली.

मी प्लॅनिंगमध्ये आहे. म्हणजे उद्या काय काय बिघडू शकतं याची आज काळजी करण्याचा मला पगार मिळतो. अशा माणसाला हा आजार होऊ नये. एके दिवशी घरी जेवता जेवता छाती धडधडायला लागली ती थांबेचना. दवाखाना झाला, ईसीजीच्या पट्ट्या निघाल्या, आणि डॉक्टर म्हणाले, "गती अचानक वाढते तुमची. घाबरण्यासारखं नाही, पण पुन्हा पुन्हा होत राहील. सवय करून घ्या." त्यातलं 'घाबरण्यासारखं नाही' मला ऐकूच आलं नाही. 'पुन्हा पुन्हा' तेवढं ऐकू आलं.

मी ठोके दाखवणारं महागाचं घड्याळ घेतलं आणि दिवसभर त्याच्या तोंडाकडे बघत बसायला लागलो. जिना चढायचं सोडलं. चहा सोडला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, माझ्या मुलीला, सईला, एकट्याने कुठे घेऊन जायचं सोडलं. ती तेव्हा पहिलीत होती. रस्त्यात मला काही झालं आणि ती एकटीच माझ्याजवळ उभी आहे, रडतेय, असं चित्र डोळ्यांसमोर आलं की माझ्या तोंडचं पाणी पळायचं. बायकोची, अश्विनीची, नोकरी पार दुसऱ्या टोकाला, माणच्या बाजूला. शनिवारीही ती कामावर. मग शनिवारी मी सासूबाईंना बोलावून घ्यायचो. त्या सईला बागेत न्यायच्या आणि मी घरात बसून घड्याळ बघायचो. निगडीच्या टेकडीवर जाऊ या, म्हणून सई कधीची मागे लागली होती. मी दर वेळी म्हणायचो, पुढच्या शनिवारी.

रजा संपवून मी बसमध्ये आलो तेव्हा दाराजवळच्या सीटवर बसलो. ताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे.

"काय रं, सारखा त्या घड्याळाला काय विचारतोस? मला आज कसं वाटतंय, म्हणून?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. घशाशी येईपर्यंत साठलेलं होतं ते. ताईंनी मध्ये एकदाही "आई गं" केलं नाही, की "होईल बरं" म्हणाल्या नाहीत. झाल्यावर म्हणाल्या, "म्हंजे आता आमी दोघं झालो. बरं झालं बाई, मला सोबत न्हवती."

मला आयुष्यात एवढं बरं कोणाच्याच बोलण्याने वाटलेलं नाही.

मग त्यांनी वासराची गोष्ट सांगितली. लहानपणी गोठ्यातलं वासरू दावं तोडून पळालं. ताई त्याच्या मागे. या जितक्या धावतील तितकं ते लांब, पार रस्त्यापर्यंत. वडील बांधावरून ओरडले, "कुसुम, बस खाली!" या रडत रडत बसल्या. वडीलही शेजारी येऊन बसले. वासराने थोडा वेळ वाट बघितली, कोणी येत नाही म्हटल्यावर गवताला तोंड लावलं आणि चरत चरत आपलं आपण गोठ्याकडे आलं.

"मागं पळालं की त्याला वाटतं खेळ चाललाय," ताई म्हणाल्या. "बूट काढून बसायचं. नाड्या सोडायला हात लागतात, तेवढंच हातान्ला काम. आन् शेजारच्याला सांगून टाकायचं. लपवलं की दुप्पट पळतंय."

"आणि नाही आलं परत तर?"

"चरायला गेलं तर बसायचं. विहिरीकडं निघालं तर न्हाई बसायचं. छातीत दुखलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, की सरळ दवाखाना. तिथं शहाणपणा करायचा न्हाई."

हे त्यांचं नुसतं सांगणं नव्हतं. एकदा मोशीच्या अलीकडे त्यांनी बूट काढले आणि थोड्या वेळाने त्याच आवाजात म्हणाल्या, "माने, गाडी दवाखान्याकडं घ्या. आज विहिरीकडं चाललंय." मानेकाकांनी कोणाला फोन केला नाही, परवानगी मागितली नाही. गर्दीची भलीमोठी बस त्यांनी दवाखान्याच्या दारात नेऊन उभी केली. त्या दिवशी निम्म्या डिपार्टमेंटची माणसं उशिरा पोचली आणि सगळ्यांनी एकच कारण सांगितलं. चार दिवसांनी ताई परत आल्या, तोंड आंबट करून. डॉक्टरांनी चहा कमी करायला सांगितला होता, त्यांना राग त्याचाच होता.

मी त्यांच्यासारखं करायला लागलो. वासरू सुटलं की नाड्या सोडायचो, शेजारच्याला सांगायचो. बस आता आम्हा दोघांसाठी तोच नियम पाळायची. पण मनातून मला वाटायचं, ताई धीराच्या आहेत. त्यांना भीती माहीतच नाही. आपली जातकुळीच वेगळी, आपण भित्रे.

एका संध्याकाळी परतीच्या वाटेवर चाकणच्या चौकात ट्रॅफिक तुंबलं. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि बस जागच्या जागी घुरघुरत उभी. ताईंनी बूट काढले. मी शेजारीच होतो. त्यांनी डोळे मिटले आणि माझा हात धरला. तळवा घामाने ओला होता आणि बोटं एवढी रुतली होती की मला दुखलं. नियम मला पाठ होता, म्हणून गप्प बसलो. बऱ्याच वेळाने गाड्या हलल्या. ताईंनी बूट घातले, गाठ मारली. तेव्हा मी विचारलं, "ताई, तुम्हाला भीती वाटते?"

"वाटती की. दर वेळेला वाटती. मंग? माणूस हाय मी."

"पण तुम्ही तर कधी…"

"तुला काय वाटलं, भ्या गेलं म्हणून बसते व्हय मी? भ्या वाटतं तरी बसते. भ्या बी बसतं शेजारी. बसू दे."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं. ताईंना ते दिसलं असणार. त्या लगेच दुसऱ्या विषयावर गेल्या. म्हणजे मला तसं वाटलं.

"पोरीला सांगितलंस का वासराचं?"

"तिला कशाला? घाबरेल उगाच."

"बसमधल्या परक्या लोकान्ला सांगितलंस आन् घरातल्या पोरीला सांगत न्हाईस? तिला दिसतंय की बाप टेकडीवर नेत न्हाई. का नेत न्हाई ते कळंना झालंय. तिला वाटत असंल, माझंच काय चुकलं."

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी सईला सगळी गोष्ट सांगितली. दावं, रस्ता, बांध, गवत, बसमधला बुटांचा नियमही, सगळं. ती घाबरली वगैरे नाही. तिने फक्त वासराचा रंग विचारला. मला माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी ताईंना विचारून सांगितला. तांबडं होतं, कपाळावर पांढरा ठिपका.

टेकडी मात्र तरीही राहिलीच. सांगणं वेगळं आणि तिचा हात धरून पायऱ्या चढणं वेगळं.

पुढच्या वर्षी ताई रिटायर झाल्या. कॅन्टीनमध्ये निरोप समारंभ होता. टेबलावर समई, शेजारी शाल आणि नारळ, समोर आम्ही सगळे. प्लांट हेड बोलत होते. बोलता बोलता त्यांनी दीपप्रज्वलनासाठी ताईंचं नाव पुकारलं. ताई उठल्या, दोन पावलं गेल्या, थांबल्या, खाली वाकल्या आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागल्या.

पुढचं सगळं आपोआप झालं. मानेकाका धावत जाऊन स्पीकरचा आवाज बंद करून आले, त्यामुळे साहेबांचे नुसतेच ओठ हलताना दिसायला लागले. बसमधल्या दोघींनी भराभर खिडक्या उघडल्या. कोपऱ्यातून पाण्याची बाटली हातोहात पुढे यायला लागली, साहेबांच्याही हातातून गेली. मी खुर्ची घेऊन धावलो. आणि सगळं कॅन्टीन चिडीचूप. नियम म्हणजे नियम, कोणी काही विचारेना.

ताईंनी मान वर केली. आधी त्यांना काही कळेना. मग कळलं, आणि त्या एवढ्या हसल्या की त्यांना त्या खुर्चीवर खरोखरच बसावं लागलं. "आरं येड्यांनो! दिव्याला हात लावायचा म्हणून काढले! बुटानं लावू व्हय दिवा?"

हसता हसता त्या रडायला लागल्या. आम्हीही. साहेबांचं भाषण पुन्हा सुरू झालंच नाही, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

गेटवर रिक्षात बसताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "टेकडीवर गेलास का?"

"अजून नाही."

"जा. मी काय बसमध्ये न्हाई आता तुझ्या शेजारी. पोरीला बसव." मग त्या नाशिकला मुलाकडे राहायला गेल्या.

त्यानंतरच्या एका शनिवारी मी सासूबाईंना फोन केला नाही. घड्याळ कपाटात ठेवलं. सई आणि मी टेकडीच्या पायऱ्या चढायला लागलो. निम्म्याच्या वर आलो असू, आणि जे व्हायला नको होतं तेच झालं. छाती धावत सुटली. आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. जे चित्र डोळ्यांसमोर आणून मी इतके दिवस घरात बसलो होतो, त्याच चित्रात मी उभा होतो. भीती वाटली. खूप वाटली.

मी कडेला पायरीवर बसलो. सईला म्हणालो, "वासरू सुटलं गं," आणि नाड्या सोडायला लागलो.

सईने माझ्याकडे बघितलं. शेजारी बसली, आपल्याही सँडलचे पट्टे काढले, सँडल नीट जोडून बाजूला ठेवले आणि माझी पाण्याची बाटली उघडून माझ्यापुढे धरली. मग गुडघ्यावर हनुवटी ठेवून खाली दिसणाऱ्या घरांकडे बघत बसली. माणसं चढत होती, उतरत होती. आम्ही दोघं अनवाणी बसलो होतो.

किती वेळ गेला कोण जाणे. छाती आपली आपण शांत झाली. मी बूट घातले, एक गाठ मारली, मग दुसरी. तोवर सई माझ्या हातांकडे बघत थांबली होती. दुसरी गाठ बसल्यावर तिने विचारलं, "आलं का, बाबा?"

"आलं."

"मग चल," म्हणाली, आणि सँडल हातातच घेऊन माझ्यापुढे पायऱ्या चढायला लागली.