पडद्यावर गेलेली हाळी

आबा मला निरोप द्यायला आले नव्हते, शेरडं ताब्यात घ्यायला आले होते, असं त्यांनीच सांगितलं. मार्गासनीच्या रस्त्यावर सिनेमा कंपनीची मोटार उभी होती आणि पुण्याला न्यायचं माझं सामान म्हणजे एक घोंगडी आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. पासलीच्या वरच्या आमच्या वाडीतून आबा दोन दिवस चालत खाली आले होते. मोटारीकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. एकेका शेरडाच्या पाठीवर हात फिरवून झाल्यावर म्हणाले, "जातुयास तर जा. पर घरची हाळी तिकडं कुनाला देऊ नगंस."

मी "व्हय" म्हणालो. हाळी तीन दिवसांपूर्वीच देऊन झाली होती.

वाडीवरच्या तुम्हा मंडळींना हाळी म्हणजे काय ते सांगायला नको. पण पुण्यात आपल्या लोकांची जी पोरं जन्मली त्यांच्यासाठी लिहितो. डोंगरात प्रत्येक घराची जनावरांना बोलवायची हाळी वेगळी. करडू जन्मल्यापासून तीच ऐकतं, आणि धुक्यात हातभर अंतरावरचं दिसेनासं झालं तरी तिच्या मागं बिनचूक घरी येतं. आमची हाळी लांबून वर चढायची आणि मध्येच तुटायची. ती आजोबांची होती, त्यांच्या आधी आणखी कुणाची. शेरडं विकली तरी हाळी विकायची नाही, एवढं आम्हाला दूध सुटायच्या आत कळायचं.

त्या उन्हाळ्यात मी शेरडं चारायला खाली उतरलो होतो. बोलपट तेव्हा नवे होते, आणि पुण्याच्या एका कंपनीचं शूटिंग तिथं चाललं होतं. सगळा मुलूख ज्यांना तात्या म्हणायचा ते नट गुराख्याच्या वेशात उन्हात उभे होते, आणि शूटिंगसाठी घेतलेली माझी शेरडं त्यांच्याकडं ढुंकून बघत नव्हती. तात्यांनी घसा बसेपर्यंत हाका मारल्या. शेवटी त्यांनीच मला माइक घेऊन करवंदीच्या जाळीमागं बसवलं. त्यांनी हात वर केला, मी हाळी दिली, आणि सगळा कळप उतारावरून धावत येऊन त्यांच्या पायांशी गोळा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी मला मिठी मारली आणि विचारलं, "कुणाची रे ही हाळी?" मी छाती फुगवून म्हणालो, "माजी." घराची म्हणालो नाही. ते एक वाक्य मी आजवर गिळतो आहे.

पुण्यात मला कंपनीची जनावरं सांभाळायचं काम मिळालं: चार घोडे, दोन बैल आणि एक सदा रुसलेला उंट. बोलपट लागला आणि गर्दीनं थिएटर फुटायची वेळ आली. लोकांना गाण्यांपेक्षा ती हाळी आवडली. कुणी तात्यांची तारीफ केली की ते मला तबेल्यातून बोलावून घेत आणि म्हणत, "आवाज या गड्याचा, मी नुसता हात वर केलाय." पुढं त्यांनी केलेला आंधळा कीर्तनकार बघून माणसं रडत घरी गेली, त्यांचा म्हातारा शाळामास्तर बघून पोटं धरून हसली. मला मात्र आठवतात ते मला ताप आला तेव्हा घोड्यांना स्वतः पाणी दाखवणारे तात्या.

दुसऱ्या वर्षी तो बोलपट भोरला तंबूत आला. साऱ्या खोऱ्यातले लोक गाड्या जुंपून बघायला गेले आणि येताना हाळी घेऊन आले. जो तो तीच द्यायला लागला, बांधावर, ओढ्यात, उगाच गंमत म्हणून. आबांची शेरडं बावरली. कधी या टेकाकडं जायची, कधी त्या. मग पावसाळ्यातल्या धुक्यात कड्याच्या बाजूनं कुणीतरी मजेत हाळी दिली आणि निम्मा कळप त्या आवाजाकडं गेला. खालच्या दरीतून वर काही आलं नाही.

हे मला पासलीच्या एका पाव्हण्यानं तबेल्याच्या दारात सांगितलं. आबा काय म्हणाले, असं मी विचारलं.

"काय न्हाई. भोरला तंबूत बसलं व्हतं तवाच म्हनले, पोराचा आवाज हाय."

म्हणजे आबांना आधीपासून माहीत होतं, आणि ते गप्प राहिले होते. मी गावाला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार होतो? गेले ते तात्या. मी रडत रडत त्यांना सगळं सांगितलं, त्याच आठवड्यात ते चिखल तुडवत वाडीवर चढले. आबांच्या पाया पडले, चार दिवस राहिले, नाचणीची भाकरी खाल्ली. परत आल्यावर एवढंच म्हणाले की आबा उरलेल्या शेरडांना नवी हाळी लावताहेत, आणि ती त्यांनी तात्यांनाही शिकवली आहे. कंपनीला या नव्या हाळीचा वास लागला. पुढच्या चित्रात ती घाला म्हणून मालक मागं लागले, तात्यांनी साफ नकार दिला आणि ते चित्रच सोडलं.

त्यानंतर दर दिवाळीला ते मला विचारायचे, "गावाला कधी जातोस?" मी म्हणायचो, सुट्टी मिळाली की. "सुट्टी मी मागतो," ते म्हणायचे. मला वाटायचं, मोठी माणसं विचारतात तसं विचारताहेत. अशा किती दिवाळ्या गेल्या. मधे युद्ध आलं, आबा थकल्याचे निरोप आले, आणि मी उंटाला चारा घालत राहिलो.

आबा गेल्याचं कळलं तेव्हा दहावा होऊन गेला होता. मी वाडीवर पोचलो. शेरडं पासलीत एकाकडं दिली होती, ती माळावर चरत होती. मी उभा राहिलो आणि जुनी हाळी दिली. एकाही शेरडानं मान वर केली नाही. समोरच्या टेकावरून मात्र कुणीतरी हसत तीच हाळी परत दिली, अगदी तात्यांच्या ऐटीत.

परत आलो तेव्हा तात्या अंथरुणाला खिळले होते. घशाच्या दुखण्यानं आवाज गेला होता, बोलायचं ते कुजबुजत. मी म्हणालो, तात्या, ती नवी हाळी मला एकदा ऐकवा.

"तुझ्या वडिलांनी मला शिकवली ती तू येईपर्यंत जपायला," ते म्हणाले. "म्हणाले, 'त्यो इचाराय आला तर हितंच शिकवीन. पर ह्ये तुमी त्याला सांगू नगा, त्याच्या मनानं येऊ द्या.' म्हणून मी नुसता विचारत राहिलो. सांगायला हवं होतं रे."

मग त्यांनी हाळी देऊन पाहिली. हात वर केला, मान ताणली. नुसता वारा आला.

गेल्या महिन्यात तात्या गेले. आपल्या वेल्ह्या-भोरची पुण्यातली माणसं जमली, हमाल, गवंडी, दूधवाले. प्रत्येकानं त्यांचं एकेक काम आठवलं, कुणाला त्यांनी अंगावरचा कोट दिला होता ते सांगितलं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ती हाळी दिली. मी तोंड उघडलं नाही. ज्या घरची शेरडं मला ओळखत नाहीत त्याला मी घर म्हणतो, आणि पुण्यातल्या ज्या खोलीत पंधरा वर्षं झोपलो तिला अजून खोलीच म्हणतो.

वाडीवरच्या मंडळींनो, आबांची नवी हाळी वाऱ्यावर तुमच्यापैकी कुणाच्या तरी कानावर पडली असेल. कुणाला आठवत असेल तर मला पत्रानं कळवू नका, कुणाबरोबर निरोपही धाडू नका. मी येतो विचारायला.