हिची लेस्टरची गाडी

कॉव्हेंट्रीहून लेस्टरला पूर्वी थेट गाडी होती. दोन डब्यांची, पुढून-मागून सारखीच, धुतलेली कधी न दिसलेली. लंडनची गाडी यायची तेव्हा स्टेशनवर केवढा थाट, अनाउन्समेंट काय, टायवाले काय. लेस्टरची गाडी मात्र बोलावणं नसलेल्या पाहुण्यासारखी कडेला येऊन उभी राहायची. त्याच गाडीने माझी बायको दर मंगळवारी जायची. तिला जाऊन आता तिसरं वर्ष लागलं. गाडी त्याच्या आधीच गेली.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. तीस वर्षं इथल्या मोटारीच्या कारखान्यात गिअरचे दात कापले. कारखाना बंद झाला तेव्हा साहेबांनी प्रत्येकाच्या हातावर एक घड्याळ ठेवलं. कामाला जायचं होतं तेव्हा नाही दिलं, जायला कुठे उरलं नाही तेव्हा दिलं. साहेब लोकांची अक्कल मी तेव्हापासून ओळखून आहे.

हिचा मार्केटात गाळा होता. दोन बायका आत शिरल्या की तिसरीने बाहेर उभं राहायचं, एवढासा. साडीला फॉल-पिको, ब्लाउज शिवणं, पंजाबी ड्रेस सैल करणं. (तंग करायला कोणी येत नाही, या देशात सगळं सैलच करावं लागतं, असं ही म्हणायची.) मंगळवारी मार्केटातली गिऱ्हाइकं कमी, म्हणून त्या दिवशी गाळा बंद. सकाळी गिऱ्हाइकांच्या साड्या चाकांच्या पिशवीत भरायच्या, लेस्टर गाठायचं, तिथल्या आपल्या व्यापाऱ्याच्या दुकानात एकेक साडी दाराशी उजेडात धरून फॉल आणि अस्तराचा रंग जुळवायचा, आणि परतीची गाडी पकडायची. दिव्याखाली बघितलेला रंग लग्नाच्या दिवशी दगा देतो, असं हिचं म्हणणं. आणि थंडीत इथला उजेड किती? चहाची वेळ होते न होते तोच अंधार. म्हणून ती थेट गाडी.

हिच्याबरोबर नागपूरची एक बाई जायची. शेजारच्या गल्लीत राहते. दीक्षाभूमीच्या गावची, सभेत उभं राहून चार प्रश्न विचारल्याशिवाय तिला जेवण जात नाही. ती हिच्यासाठी घरी ब्लाउजना हुक आणि काज करायची. दोघी मंगळवारी निघाल्या की मी म्हणायचो, "चालली जोडी भेळ खायला." कारण संध्याकाळी हिच्या पिशवीत भेळेचा पुडा असायचाच. मी तो टीव्हीसमोर बसून खायचो.

अशाच एका मंगळवारी हिने एक फॉर्म आणला. गाडीत रेल्वेची कोणी गळ्यात ओळखपत्र अडकवलेली बाई सगळ्यांना ते फॉर्म देत होती म्हणे. हिला इंग्रजी बोलता यायचं, पण लिहायचं म्हटलं की माझ्यापुढे सरकवायची.

"अहो, एवढं भरून द्या. माझ्या गाडीबद्दल विचारतायत."

"तुझी गाडी! बापाने आंदण दिलीय जशी."

"भरा हो. आणि पायरी उंच आहे म्हणून लिहा. पिशवी चढवताना माझा गुडघा बोंबलतो."

मी पेन घेतलं. प्रवास कशासाठी करता, असा प्रश्न होता. खाली चौकोन. नोकरीवर जाण्यासाठी. धंद्याच्या कामासाठी. शिक्षणासाठी. फिरण्या-मौजेसाठी. मी मौजेच्या चौकोनात खूण केली.

का केली, ते आज लपवत नाही. कामधंदा म्हणजे माझ्या डोक्यात कारखान्याचा भोंगा, हजेरीचं कार्ड, तेलाने काळे झालेले हात. बाईमाणूस पिशवी ओढत मैत्रिणीबरोबर गाडीत बसतं, त्याला धंदा कोण म्हणतो? आणि गंमत अशी, की माझा कारखाना बंद झाल्यापासून आमचं घर त्याच पिशवीवर चाललं होतं. हे मला माहीत होतं. माहीत असून खूण तिथेच केली.

"काय लिहिलंत?" हिने विचारलं.

"बरोबर लिहिलं. तू चहा टाक."

पायरीचं लिहिलं नाही. जागा नव्हती.

पुढे काही महिन्यांनी स्टेशनवर कागद लागला. थेट गाडी बंद. आता ननीटनपर्यंत एक गाडी, तिथे उतरा, दुसरी पकडा. कागदावर 'सुधारित सेवा' असं लिहिलेलं! ताटातली भाकरी उचलायची आणि म्हणायचं, घ्या, ताट स्वच्छ केलं.

ननीटनची कथा काय सांगू. आमची गाडी तिथे टेकायची तेव्हा लेस्टरची गाडी शेपूट दाखवून जायची. एकाच देशातल्या दोन गाड्या, पण एकीने दुसरीसाठी चार मिनिटं थांबायचं नाही. माझ्या गावची एसटी खटारा होती, पण कंडक्टर लांबून पळत येणारी म्हातारी बघून दोरी ओढायचा. इथे गाडी वेळेवर सुटली याचाच त्यांना अभिमान. माणसं प्लॅटफॉर्मवर राहिली तर ती माणसांची चूक.

मुलगी मिल्टन कीन्सला राहते, कॉम्प्युटरवर काम करते. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी वळणावळणाने चालतं. ती आली होती तेव्हा तिने रेल्वेचं पत्रक वाचून दाखवलं.

"आई, त्यांनी सर्व्हे केला. ते म्हणतात, तुझा ट्रेनमध्ये बहुतेक लोकं मौजसाठी जातात. कामासाठी थोडेच. म्हणून डायरेक्ट ठेवायला परवडत नाही."

ही कणीक मळत होती. हात थांबवून म्हणाली, "कोण गं ही मौजेला जाणारी माणसं? इतकी वर्षं जातेय, मला तर एक भेटलं नाही."

मी पेपर तोंडापुढे धरला. इंग्रजी पेपर. उलटा नव्हता एवढंच.

"आई, तू ड्रायव्हिंग शिक ना," मुलगी म्हणाली. "इथे ट्रेनने कोण जातो?"

"मी जाते," ही म्हणाली, आणि पुन्हा मळायला लागली.

एक हिवाळा हिने ननीटनला काढला. लेस्टरला पोचेपर्यंत दुपार, साड्या निम्म्या बघून होईपर्यंत उजेड जायचा. एकदा एका गुलाबी पैठणीला लावलेला फॉल लग्नात भलताच रंग दाखवू लागला. नवरीची आई गाळ्यावर येऊन बोलून गेली. हिने तो आयुष्यातला डाग असल्यासारखा धरला. मग ज्यांच्या दाराशी मोटारी होत्या, त्या बायका थेट लेस्टरलाच जायला लागल्या. साडी तिथे, फॉल तिथे, जेवणही तिथे. वर्षभरात हिने गाळा सोडला. त्यानंतर बटणं आणि चेनवाला उठला, कारण त्याचं निम्मं गिऱ्हाईक हिच्याकडून पाठवलेलं. मग कोपऱ्यावरचा चहावाला. आणि आमचं शहर काय करत होतं? मध्यभागी काचेची इमारत उभी करत होतं. वर शहराच्या प्रगतीबद्दल मोठी पाटी. मी दोनदा आत डोकावलो. एक माणूस काच पुसत होता. प्रगती बहुधा जेवायला गेली असावी.

गाळा सुटल्यावर ही घरात बसली आणि बसतच गेली. चौथ्या वर्षी, एका थंडीत, छातीत दुखलं, तीन दिवस झाले आणि संपलं. मशीनच्या सुईत मोरपंखी दोरा होता. अजून आहे. फॉर्मवर कुठे खूण केली ते मी तिला सांगितलं नाही. रोज उद्या म्हणायचो.

मागच्या वर्षी नागपूरची बाई दारात आली. "भाऊजी, रेल्वेची मीटिंग आहे. गाडी वाढवायची म्हणतायत. चला."

"आता कोण जायचंय लेस्टरला?"

"तुमचं तोंड बघायला तरी लोकांना मिळेल. किती महिने घरात कुजताय?"

गेलो. हॉलमध्ये खुर्च्या, बिस्किटं, आणि भिंतीवर चित्र टाकणारा एक सल्लागार. बाणच बाण. गाडी आली की माणसं येतात, माणसं आली की दुकानं चालतात, दुकानं चालली की शहर श्रीमंत होतं, हे त्याने अर्धा तास घेऊन सांगितलं. हे शोधायला त्याला पगार मिळतो. आमच्या आठवडी बाजारातल्या कोंबडीवाल्याला विचारलं असतं तर दोन वाक्यांत सांगितलं असतं, वर कोंबडी स्वस्त दिली असती. मग त्याने जुन्या सर्व्हेचे आकडे उभे खांब काढून दाखवले. मौजेचा खांब सगळ्यांत उंच. निळा.

मी उठून उभा राहिलो.

"तो खांब चुकीचा आहे," मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हणालो.

"कसा काय, सर?"

"त्यात माझी एक वीट आहे. बायको कामाला जायची. फॉर्म मी भरला. मी लिहिलं, फिरायला जाते."

लोक हसले. सल्लागारही हसला, पण माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "सर, मनाला लावून घेऊ नका. एका फॉर्मने काही बदलत नाही."

"मग एकेकाकडून भरून कशाला घेता?"

सल्लागार पुढच्या चित्राकडे वळायला लागला. मी म्हणालो, "माझी वीट काढा."

तो म्हणाला, जुना काढता येणार नाही, पण या वेळी धंद्यांसाठी वेगळा फॉर्म आहे. बंद पडलेल्या धंद्याबद्दलही भरता येतो. बिस्किटांच्या टेबलावर आहे, जाताना द्या.

मी फॉर्म घेऊन बसलो. धंदा कोणता. किती माणसं काम करायची. गिऱ्हाईक कुठून यायचं. रेल्वेचा उपयोग काय होता. पेन हातात होतं. पहिल्या ओळीत शिवणकाम लिहिलं आणि पुढे गाडी अडली. मला काही माहीत नव्हतं. गिअरचा एकेक दात मोजून सांगेन, पण हिच्या हाताखाली किती बायका होत्या?

नागपूरची बाई बाजूला चहा पीत होती. "लिहा ना. थांबलात का?"

"किती बाया शिवायच्या?"

"तुम्ही सांगा. घर तुमचं."

"मला नाही माहीत."

तिने कप खाली ठेवला. "चाळीस वर्षांत विचारलं नाही?"

"आत्ता विचारतोय."

"आत्ता विचारता होय! ती सांगायला होती तेव्हा तुम्ही टीव्हीवर स्नूकर बघा, आणि आता मला विचारा." तिने खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाली, "मी धरून चौघी. एक पंजाबी, दोघी गुजराती. त्यातल्या एकीला नवऱ्याने टाकलेली, तिचं घर त्यावरच होतं. गिऱ्हाईक रग्बीहून यायचं, लेमिंग्टनहून यायचं. ब्रिस्टलची एक नवरी मापाला दोनदा गाडीने आली, कारण तिची आई म्हणाली, ब्लाउज शिवेल तर हीच बाई. आली की मार्केटात जेवायची, बांगड्या घ्यायची. लिहिताय ना?"

"लिहितोय. आणि लेस्टरला तुम्ही दुकानातच असायचा? की थोडं फिरणंबिरणं, भेळ..."

"कसली भेळ?"

"तुम्ही दोघी खायचा ती."

"भाऊजी, उजेड जायच्या आत पंधरा-वीस साड्या जुळवायच्या असायच्या. भेळ कोण खात बसतं? डब्यातली चपाती-भाजी गाडीत खायचो. भेळ तुमची होती. तुम्हाला आवडते म्हणून पळत जाऊन बांधून आणायची. तिला चिंचेने पित्त व्हायचं. तेही माहीत नाही?"

तेही माहीत नव्हतं.

लोक उठून जायला लागले होते. खुर्च्या सरकवल्याचा आवाज, सल्लागार वायरी गुंडाळत होता. माझी नजर फॉर्मवर गेली. तीन ओळींची जागा दिली होती, आणि त्या तीन ओळी भरून मी पुढच्या कोऱ्या भागावर गेलो होतो, आणि सगळं मराठीत. लिहिताना लक्षात आलं नाही. बायकोबद्दल मला इंग्रजीत लिहिता येत नाही. एकदा इंग्रजी फॉर्म भरला होता, त्याचं काय झालं ते सांगितलंच.

सल्लागाराने कागद उलटसुलट केला. "सर, ही भाषा..."

"मराठी."

"आमच्याकडे कोणी वाचणारं नसेल."

"शोधा," मी म्हणालो. "एवढे बाण काढता, एक माणूस शोधा."

नागपूरची बाई दारात उभी राहून हाका मारत होती, बस चुकेल म्हणून. मी त्याच्या हातून कागद परत घेतला. एक गोष्ट राहिली होती. पायरी उंच आहे, पिशवी चढवताना गुडघ्याला त्रास होतो. जागा नव्हती. समासात आडवं लिहिलं.