आधी तात्यांची म्हैस

स्वतःची म्हैस हलवल्याशिवाय भोंगातात्या पुराची सूचना द्यायचे नाहीत. आमचं गाव पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. मारुतीच्या देवळातला भोंगा तात्यांच्या ताब्यात, म्हणून हे नाव. धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला की ते आधी घरी जायचे, म्हैस सोडून सगळ्या गल्लीतून माळावरच्या शाळेत नेऊन बांधायचे आणि मगच माइक हातात घ्यायचे. ‘‘आपली म्हस गोठ्यात आन लोकास्नी म्हनायचं पळा! लाज वाटाय पायजे,’’ म्हणायचे.

निरोप माझ्या मोबाइलवर यायचा. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून वाचून दाखवायचं काम माझं. चारचौघांत माझा आवाज फुटत नसे, तात्यांपुढे फुटायचा. ‘‘विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढविण्यात येत असून नागरिकांनी सतर्क राहावे...’’

‘‘पानी कुटवर येनार, त्ये कुटं हाय ह्यात?’’

ते मला सांगता यायचं नाही. तात्या नदीच्या घाटावर पाणी कुठवर चढलंय ते बघून यायचे आणि भोंग्यावरून सांगायचे, ‘‘आवं खालच्या आळीवाले, रातीला पानी तुमच्या चुलीत. शेजारची म्हातारी आदी काडा, टीवी मागनं!’’ लोक हसत हसत आवरायला लागायचे.

तात्यांच्या शेजारीण सोनाकाकू. मधल्या भिंतीवरून भांडण, कित्येक वर्षं बोलणं बंद. ‘‘भोंग्याचं कोन ऐकतंय? म्या म्हस बगती,’’ त्या म्हणायच्या. मला तेव्हा तो टोमणा वाटला होता.

मागच्या वर्षी उन्हाच्या तडाख्यात म्हैस मेली. गुडघे गेल्यामुळे तात्यांनी दुसरी घेतली नाही. श्रावणात निरोप आला. तात्यांनी घाट पाहिला, भोंगा लावला. आवाज तोच, शब्द तेच. पण गल्लीतून काहीच गेलं नाही. म्हैस मेल्याचं सगळ्यांना माहीत होतं, तरी माणसं उंबऱ्यात उभी राहून तात्यांच्या दाराकडे बघत होती. देवळाच्या पायरीवरून मला ते दिसत होतं. कुणी हलत नाही, हे आत जाऊन तात्यांना सांगायला हवं होतं. पण आत पंच बसले होते. त्यांच्यादेखत तात्यांची चूक कशी दाखवायची, म्हणून मी पायरीवरच थांबले.

दिवस कलताना तात्या स्वतःच बाहेर आले आणि थेट काकूंच्या दारात गेले. ‘‘सोना, अजून हितंच?’’

‘‘तुमी कुटं हाललाय?’’

‘‘काय हालवू गं? गोठा रिकामा हाय.’’

मग त्यांनी स्वतःची वळकटी डोक्यावर घेतली आणि लंगडत गल्लीतून चालू लागले. त्यांच्यामागे आळी निघाली. काकूंना बायकांनी हाताला धरून आणलं. तोवर पाणी आळीत शिरलं होतं; काकूंच्या दोन्ही गाई दाव्यालाच राहिल्या. पाण्यावरून त्यांचं हंबरणं माळापर्यंत येत होतं. मग थांबलं.

त्यानंतर तात्यांनी माइकला हात लावला नाही. मुलगा त्यांना शिरवळला घेऊन गेला. जाताना म्हशीचं दावं माझ्या हातात दिलं. ‘‘भोंगा कुनीबी वाजवंल, पोरी. म्होरं चालाय पायजे.’’ त्या दिवशी मी पायरीवरून सगळं पाहत होते, हे तेव्हाही त्यांना सांगितलं नाही. हिवाळ्यात तात्या गेल्याचा फोन आला.

यंदा निरोप आला तेव्हा मी आधी आमच्या शेळीच्या गळ्यात ते दावं बांधलं आणि तिला घेऊन मान खाली घालून गल्लीतून निघाले. कुणीतरी हसलं. पहिल्या दहा घरांत कुणी हललं नाही. काकूंचं दार ओलांडलं, तेव्हा मागे कडी वाजली आणि पावलं माझ्यामागे येऊ लागली. मी वळून पाहिलं नाही.