चिंचेत घातलेला खडा

आमच्या घरात देवाच्या फळीवर देवापेक्षा एका दगडाचं कौतुक जास्त. मधाच्या रंगाचा, आरपार दिसणारा, टोकदार खडा. माझा मोठा भाऊ, दादा, खदानीत कामाला होता, त्यानं आणल्ता. सुरुंग उडाला की काळ्या दगडाच्या पोटात कधीमधी पोकळी निघते, तिच्यात असे खडे चिकटलेले असतात. व्यापारी येऊन घेऊन जातात. परदेशात म्हणे लोक काचेच्या कपाटात मांडतात. मांडोत मेले. दादा बाकीचे सगळे देऊन टाकायचा, हा एवढा त्यानं मायला दिला. पुढं थोड्याच दिवसांत खदानीची कड ढासळली अन् दादा तिच्याखाली गेला.

माय रोज सकाळी तो खडा उन्हात धरून आत बघायची. दादाचा फोटो तिला सोसत न्हाई, खड्यात तो दिसतो म्हणायची. मी चिडायचे, दगडात कुठं माणूस असतो का? पण तेवढं झाल्याशिवाय ती चहाला तोंड लावायची न्हाई.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी मी एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यातून अर्धी सुट्टी काढून आले. मायनं देवाची पितळी भांडी चिंचेच्या पाण्यात घातल्ती, सणावाराला घालते तशी. खडाही त्यातच, तोही उजळावा म्हणून. पाण्यात बारीक बुडबुडे येत होते. मी झटकन काढला, धुतला, ओढणीनं पुसला. वरून पांढरट, खरबरीत. आतलं काहीच दिसेना. व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, हा चुन्याच्या जातीचा, आंबट याला खातंच, आता इलाज न्हाई.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अगं, दगडाला कुणी चिंच लावतं का? विचारायचं तरी."

मायनं खडा उन्हात धरला, फिरवला, परत धरला. मंग मांडीवर ठेवला.

"त्या दिवशी तो जात न्हाई म्हणत होता. अंग दुखून राह्यलं म्हणे," ती म्हणाली. "खाडा नको म्हणून मीच उठवलं. भाकरी बांधून दिली."

हे तिनं वर्षभर कुणालाच सांगितलं नव्हतं. मला रडू फुटलं. ती रडली न्हाई.

"बराबर केलं त्यानं," ती म्हणाली, "आता तोंड दाखवीत न्हाई."

चिंचेचं, चुन्याचं मी तिला कितीदा तरी समजावून सांगितलं. तिला पटत न्हाई.