उर्दूतलं वाचन धरायचं नाही

आजही प्रार्थनासभेत कुणी "अमक्या ताईंचा विश्वास बघा, नाहीतर आपण" असं सुरू केलं, की मी उठून पाणी प्यायला जाते. परत यायची घाई करत नाही. लोक मला फटकळ म्हणतात, म्हणोत. माणसामाणसाचा विश्वास मोजायच्या ह्याच खोडीपायी मी एकदा माझ्या बापाचं नुकसान केलेलं आहे, त्यामुळे हे बोलणं मान खाली घालून ऐकणं मला जमत नाही.

बाबा निजामाच्या काळापासून कचेरीत नकलनवीस होते, म्हणजे कागदांच्या नकला उतरवायचं काम. शाळा उर्दूतली, कचेरीही उर्दूतली. अक्षर इतकं देखणं, की शेजारचे मुसलमान लोक लग्नाच्या पत्रिका त्यांच्याकडून लिहून न्यायचे. पोलीस ॲक्शन झाली, पुढं काही वर्षांनी कचेरीचा कारभार मराठीत आला आणि बाबांची रवानगी जुन्या दफ्तरांच्या खोलीत झाली. मराठी ते आमच्यासारखंच बोलायचे, पण वाचताना पहिलीतल्या पोरासारखं ओळीखाली बोट धरायचे. शास्त्र, म्हणजे बायबल, मात्र रोज पहाटे वाचायचे, उर्दूतलं, हलक्या आवाजात. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण त्या आवाजानंच मला जाग यायची.

छावणीतल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तेव्हा नगरकडची बरीच कुटुंबं नोकरीनिमित्त आली होती. मिशनच्या शाळांतून शिकलेली, नीटनेटकी माणसं. त्यांच्यातले एक गुरुजी मंडळीचे पंच झाले. माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. त्यांना मंडळी पुढं न्यायची होती. फक्त पुढं जायचं म्हणजे कुणाला तरी मागं टाकायचं, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी शास्त्रवाचनाची चढाओढ काढली आणि तक्ता करायचं काम माझ्याकडं आलं. मी अठरा-एकोणीस वर्षांची, मास्तरणीचा कोर्स करत होते. असले तक्ते करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. एका बाजूला नावं, वर रविवार, आणि पतंगाच्या लाल कागदाच्या चांदण्या. दहा अध्याय वाचले की एक चांदणी.

पहिले तीन रविवार सगळ्यात जास्त चांदण्या बाबांच्या होत्या. चौथ्या रविवारी गुरुजींनी विचारलं, "भाऊ, हे सगळं मराठीतलंच ना?"

"नाय जी, उर्दूतलं."

गुरुजी गोड हसले. "मंडळीची भाषा मराठी आहे, भाऊ. उर्दूतलं वाचन धरायचं नाही. कोणी काय वाचलं, हे आम्हाला कसं कळावं?"

बाबा खाली आले की पहिला नंबर माझा होता, गुरुजींच्या मुलीच्याही पुढं. मी नखानं त्यांची एकेक चांदणी खरवडून काढली, त्यांच्या डोळ्यांदेखत. तक्ता फाटू नये म्हणून जपूनसुद्धा काढली.

देवाला उर्दू येत नाही असं कुठं लिहिलंय, हे मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. तेव्हा मात्र मी विचारलं नाही.

बाबांनी उर्दू शास्त्र रुमालात बांधून पेटीत ठेवलं आणि मराठी हातात घेतलं. कचेरीतून आले की बोट धरून बसायचे. अर्धा अध्याय झाला की थकायचे. महिन्यात एक चांदणी मिळाली, मग तीही नाही. पहाटेचा आवाज बंद झाला. आणि महिन्याच्या प्रभुभोजनाच्या रविवारी सगळे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला उठून वेदीकडं गेले, बाबा बाकावर बसून राहिले.

घरी आईनं विचारलं तर म्हणाले, "ती माणसं कुठं, मी कुठं. धड वाचता येत नाय मला. तिथं जायची माझी लायकी नाय." रुसून म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते अगदी मनापासून म्हणत होते. पुढच्या महिन्यातही बसूनच राहिले. त्या दिवशी भाकरी थापताना आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझ्या चांदण्यांनी त्यांचं तोंड शिवलं. आता बघ त्या तक्त्याकडं अन् हो खूश."

मला आधी राग आला, लाज नंतर वाटली. कारण माझ्या चांदण्यांचं मलाच ठाऊक होतं. शास्त्रातल्या वंशावळींची पानंच्या पानं मी वेणी घालता घालता उलटली होती. कोण कुणाचा मुलगा, एकही ध्यानात नव्हता. माझा बाप पहाटे उठून जे वाचत होता ते खोटं ठरलं होतं आणि माझं खरं.

पुढच्या रविवारी उपासनेआधी मी तक्ता भिंतीवरून काढला. गुरुजी धावत आले. "अगं, हे काय चाललंय? चढाओढीनं माणूस वाचतो तरी."

"मी नाही वाचलं," मी म्हणाले. "निम्म्या चांदण्या खोट्या आहेत माझ्या. तुमच्या मुलीच्या पुढं जायचं होतं मला, देवाच्या जवळ नव्हे."

त्यांची मुलगी मागच्याच बाकावर होती. तिनं मान खाली घातली. तिच्याही चांदण्या माझ्यासारख्याच असाव्यात. मी तक्त्याची गुंडाळी केली आणि घरी नेऊन चुलीत घातली. त्याचा पस्तावा मला आजतागायत झालेला नाही.

बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मंडळीत तमाशा केला म्हणून. मी माफी मागितली, चांदण्या काढल्याची, तमाशाची नाही. ते नुसतं "हं" म्हणाले.

मग पुन्हा प्रभुभोजनाचा रविवार आला. पुरुष उजवीकडं, बायका डावीकडं, अशी आमच्याकडं बसायची रीत. पाळकसाहेबांनी बोलावलं, माणसं उठली, गुरुजी नेहमीसारखे सर्वांत पुढं. बाबा हलले नाहीत. मी बायकांची बाजू सोडून सरळ पुरुषांच्या बाकांत शिरले. लोक बघायला लागले. बघू दे म्हटलं.

"बाबा, उठा."

"त्या लोकांच्या मागं उभं राहायची बी माझी लायकी नाय," ते पुटपुटले.

"मग त्यांच्या पुढं उभे राहा. मी करून देते जागा."

बाबांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा राग उघड तोंडावर आलेला दिसला, आणि मला बरं वाटलं.

"पुढं कशापायी?" ते म्हणाले. "तू अजून बी मोजतेच व्हय? इथं रांग बघायला आली का जेवायला?"

एवढं बोलल्यावर आपणही इतके दिवस रांगच बघत होतो, हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. मग पुढच्या बाकाला धरून उठले आणि वेदीपाशी मधे जिथं जागा होती तिथं गुडघे टेकले.